यंत्रवाल्यानं खाल्लेला डायलॉग

आमच्या मस्तगड मोहल्ल्यातले शेजारी नाना अर्जनवीस बोलपट डोळे मिटून पाहायचे. याला पाहणं म्हणावं का, हे मला आजही सांगता येत नाही. तिकीट काढायचं, पुढच्या बाकावर बसायचं आणि पडदा उजळला की डोळे गच्च मिटायचे. विचारलं तर म्हणायचे, "मास्तर, तोंडं काय बघायची? लिहिनाऱ्यानं काय लिहिलंय ते ऐका."

दिवसभर कचेरीच्या ओट्यावर बसून ते लोकांचे अर्ज उर्दूत, म्हणजे तेव्हाच्या सरकारी भाषेत, लिहून द्यायचे. शब्दाची पारख होती माणसाला. पण त्यांची बोलपटांची निवड मात्र मला चक्रावून टाकायची. थिएटर भरलेलं दिसलं की नाना दारातूनच परत! "गर्दी हाय? मंग लिखाण कच्चं असनार." ज्या खेळाला जेमतेम चार डोकी, तो बिलकुल अव्वल.

असाच एक पडेल बोलपट आला. घर सोडून गेलेला मुलगा आणि त्याला शोधत फिरणारा बाप, एवढीच गोष्ट. नानांनी तो लागोपाठ तीन दिवस ऐकला आणि तिसऱ्या दिवशी पडद्यावर खेळ दाखवणाऱ्या यंत्रवाल्याची गचांडी धरली. मिटवायला मला बोलावणं आलं.

"मास्तर, ह्यो डायलॉग खाऊन राह्यला! बाप पोराला भेटाया निघतो अन् तिथंच आवाज बंद. रोज!"

"मशीन बराबर है, जनाब," यंत्रवाला रडकुंडीला आला होता.

खरं कोणाचं, मला कळेना. दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला मी नानांच्या शेजारी बसलो, डोळे उघडे ठेवून. शेवट आला. स्टेशनातल्या बाकावर मुलगा. बाप येऊन नुसता उभा राहतो. मुलगा जरासा सरकून जागा देतो, बाप बसतो. संपलं.

बाहेर आल्यावर सांगितलं, "नाना, आवाज गेला नाही. तिथं कोणी बोललंच नाही."

"बोललं न्हाई? मंग लिहिनाऱ्यानं त्या जागी लिहिलं काय?"

नाना पायरीवर मटकन बसले आणि खिशातून एक कागद काढला. त्यांचा एकुलता एक दत्तू दोन वर्षांपूर्वी भांडून औरंगाबादच्या गिरणीत निघून गेला होता, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. कागदावर 'चिरंजीव दत्तूस अनेक आशीर्वाद' एवढंच. घड्या पडून पडून तो फाटायला आला होता.

"दुनियेचे अर्ज लिहिले, मास्तर. ह्याच्या फुडं काही सुचंना. वाटलं, तो बाप काय बोलतो ते उतरून घ्यावं."

मी गडबडीत म्हणालो, "मी लिहून देऊ का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि कागद परत खिशात ठेवला.

दोन दिवसांनी सकाळीच नाना पिशवी घेऊन स्टेशनाकडे निघालेले दिसले.

"पत्र झालं वाटतं?"

"न्हाई. मीच चाललो औरंगाबादला."

"काय बोलणार त्याच्याशी?"

नानांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"काय की. जागा देतो का बघतो."