मशीनला खरकटं हवं होतं

तोडकरांच्या भांडी घासायच्या मशीनने सोसायटीकडे घर बदलून मागितलं, तेव्हा सेक्रेटरी हुद्दारकाकांनी एवढंच विचारलं, "लिफ्टने जाणार, की त्याच मजल्यावर?"

"त्याच मजल्यावर. समोर," मशीन म्हणालं.

समोर म्हणजे आम्ही.

त्या मशीनवर माझा डोळा होताच. ते आलं त्या दिवशी तोडकरांच्या मंदावहिनींनी मजल्यावर पेढे वाटले होते. तेव्हापासून मी इकडे सिंकपाशी कढया घासत उभी, आणि तिकडे ते पांढरंशुभ्र, डोक्यावर क्रोशाचं कव्हर, कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक. आणि पोटात काय, तर कांदे-बटाटे! विरजण मागायच्या निमित्ताने मी जायची. वहिनी बटाटे काढायला त्याचं दार उघडायच्या, आणि मी मान वाकडी करून आत बघून घ्यायची.

सुनावणी आमच्याच हॉलमध्ये झाली. पोहे मी केले.

"तक्रार काय?" हुद्दारकाकांनी विचारलं.

"मला भांडी घासायची आहेत," मशीन म्हणालं.

मंदावहिनींनी पदर सावरला. "अहो, पूजा केलीय त्याची. स्वस्तिक काढलंय. त्याच्या पोटात खरकटं कसं घालायचं?"

"इथे ती अडचण नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे खरकट्याला तोटा नाही."

"ते येता-जाता दिसतंच की," वहिनी म्हणाल्या.

हुद्दारकाकांनी दोघींना गप्प केलं. मशीनने कढई बघायला मागितली. मी सकाळीच वांग्याची भाजी मुद्दाम तळाला लागू दिली होती. मसाला असा काही धरला होता की उलथनंही हलेना. मशीनने बराच वेळ बघितलं.

"चालेल," ते म्हणालं.

वहिनींचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या आत नारळ आणि ओंजळभर तांदूळ ठेवले. मला म्हणाल्या, "सुलूताई, त्याला भिंतीला घट्ट टेकवू नका हं. गुदमरतं." मला क्षणभर वाईट वाटलं. पण क्षणभरच.

उंबऱ्यावर मी मशीनवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. ओट्याशेजारी बसवलं, हळदकुंकू लावलं, जुनं स्वस्तिक पुसट झालं होतं ते नव्याने काढलं. माझं जास्त ठसठशीत आलं.

"घाल आता कढई," आमचे हे म्हणाले.

मी दार उघडलं. आत देवघरातल्या ताम्हनासारखं लखलखत होतं. मी कढईकडे बघितलं. मग स्वस्तिकाकडे बघितलं.

"एवढी विसळून घेते," मी म्हणाले.

विसळली. मग म्हटलं, कडेचं तेल तरी काढावं. मग तळाचं काळं. काथ्याने घासून घासून कढई आरशासारखी झाली, तेव्हा आत ठेवली. मशीन सुरू झालं आणि लगेच थांबलं.

"यात काही नाहीये," ते म्हणालं.

"असं कसं? कढई आहे की!"

"खरकटं नाहीये."

"उद्या घालते हं," मी म्हणाले.

उद्याही तेच झालं, परवाही. आधी मी भांडी घासायची, मग ती मशीनमध्ये लावायची, मग काढून पुसायची. हाताची सालं निघाली. ह्यांनी एकदा गुपचूप आमटीचं पातेलं तसंच आत सरकवलं, तर मी ओरडले, "अहो, विटाळवताय काय!" मशीनने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्याने हुद्दारकाकांना बोलावून घेतलं.

"मला परत जायचंय," ते म्हणालं.

"कारण?"

"तिथे बटाट्यांना निदान माती तरी होती."

हुद्दारकाकांनी विचार केला. "मान्य आहे," ते म्हणाले. मी परत पोहे केले.

समोरच्या दारात मंदावहिनींनी त्याला ओवाळलं, कव्हर झटकून घातलं आणि आत नेलं. मग बटाटे गडगडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून मशीन सुरू झाल्याचा. चांगलं घुमत होतं. एवढं खूश ते आमच्याकडे कधीच नव्हतं.

मी तशीच पिशवी घेऊन बाजारात गेले. भाजीवाला म्हणाला, "काकू, धुतलेले देऊ?"

"नको," मी म्हटलं. "चांगले मातीचे दे."

आणलेत. दारातच ठेवलेत, समोरून दिसतील असे. दार उघडंच आहे.