सकपाळ काकांचं फिरायला जाणारं पोतं

आमच्या बेलवलीत लोक सकाळी कुत्रा फिरवतात. शेजारचे सकपाळ काका तांदळाचं पोतं फिरवायचे. व्हीलचेअरवर नीट बसवून, वरून पट्टा बांधून. रिक्षावाले ओरडायचे, "काका, पोत्याला हवा खायला नेताय काय?" काका थांबून गंभीरपणे सांगायचे, "सत्तेचाळीस किलो आहे. बरोब्बर आमच्या हिच्याएवढं."

फुटपाथवर चढता-उतरताना पोतं कललं, की काका तिथे खडूनं फुली मारायचे. बुद्धविहारापर्यंत अकरा फुल्या! मला वाटायचं, रिटायर झाल्यावर डोकं फिरलंय बिचाऱ्यांचं.

लकवा झाल्यापासून काकू त्याच खुर्चीत होत्या. विहार हाकेच्या अंतरावर, पण चार वर्षं जाणं नाही. आम्ही म्हटलं, उचलून नेतो. त्या फणकारल्या, "मी काय कपाट आहे? जाईन तर माझ्या चाकांवर!"

आणि कहर म्हणजे हा फुटपाथ काकांनीच काढलेला. जन्मभर नगररचनेच्या ऑफिसात नकाशे काढले त्यांनी. "नऊ इंच उंची मीच लिहिली गं," म्हणायचे. "कागदावर सगळी माणसं चालतीच असतात."

अर्ज करून करून एकदाचे फुल्यांच्या जागी उतार झाले. काकांनी पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी बाइकवाले चढू नयेत म्हणून प्रत्येक उताराच्या मधोमध लोखंडी खांब! बाइकवाले बाजूनं सुळकन जायचे, खुर्ची तेवढी अडायची. काका टेप घेऊन खांबांशी भांडत बसले. पुन्हा अर्ज.

बुद्धपौर्णिमेला नेसायची म्हणून काकूंनी पांढरी साडी इस्त्री करून घेतली होती. पौर्णिमेच्या आधीच त्या गेल्या.

खांब निघाले गेल्या आठवड्यात. सकाळीच काका रिकामी खुर्ची घेऊन माझ्या दारात हजर.

"पोतं कुठंय?" मी विचारलं.

"ते आता कशाला? तू बस ना, संगीता."

"अहो काका, मी पंचाहत्तर किलोची बाई!"

"बस गं."

बसले. एकही रिक्षावाला ओरडला नाही. एकदाही न उतरता आम्ही विहाराच्या दारात पोचलो. काका धापा टाकत समोर आले.

"कुठे धक्का बसला?"

"नाही हो."

"खरं सांग."

"आईशप्पथ, नाही." मला रडूच यायला लागलं होतं.

काकांनी रुमालानं खुर्चीचा हात पुसला, दोनदा पुसला.

"मग हिलाही बसला नसता," ते म्हणाले.