सासऱ्यांचा निळा चौकोन

सूनबाईंना आकाशातून पाणी मोजता येत होतं, आणि ही गोष्ट त्या कुणालाही विसरू देत नसत. नोकरी कालव्याच्या कार्यालयात. "पाणी प्यायलेलं झाड गार राहतं, तहानलेलं तापतं," त्या घरीदारी सांगत. "कोण किती गार, एवढंच उपग्रह वरून बघतो. पाइप जमिनीत पुरा नाहीतर पंप झाकून ठेवा, माझ्यापासून काही लपायचं नाही."

त्या दिवशी पाणीवाटप संस्थेच्या सभेला झाडून सगळे संत्रा बागायतदार हजर होते. ज्याने चोरून जादा पाणी ओढलं, त्याचा पुढच्या हंगामाचा वाटा निम्मा होणार होता. सूनबाईंनी पडद्यावर नकाशा लावला: जितकं पाणी जास्त, तितका निळा रंग गडद. सगळ्या बागा फिकट निळ्या आणि मधोमध एकच चौकोन, शाईची दौत लवंडल्यासारखा गडद.

"ही बाग कुणाची?" सूनबाईंनी ऐटीत विचारलं.

"तुमच्या सासऱ्यांची," अध्यक्ष म्हणाले.

सूनबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. अध्यक्षांना सगळे मीटरमामा म्हणत, कारण घरच्या न्हाणीतल्या नळालाही त्यांनी मीटर बसवला होता. सासऱ्यांना तर ते पहिल्यापासूनच पाण्यात पाहत.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मीटरमामा म्हणाले. "काय हो दादा, चोरून पाइप टाकलात की काय?"

सूनबाई घाईघाईने मध्ये पडल्या. "गवतही असू शकतं. झाड कोणतं आणि गवत कोणतं, ते उपग्रहाला कळत नाही. झाडांना पुरून उरलेलं पाणी जमिनीत मुरायचं, ते गवत पिऊन टाकतं. बाबा, आपल्या बागेत गवत आहे ना?"

नुसतं 'हो' म्हटलं की सुटका होती. पण शेजारी सासूबाई बसल्या होत्या. हंगामभर सासरे रोज सकाळी खुरपं घेऊन गवत काढायला जात, दुपारी कण्हत घरी येत आणि सासूबाईंकडून कंबर शेकून घेत.

सासरे उभे राहिले. "माझ्या बागेत गवताची काडी सापडायची नाही," ते ठामपणे म्हणाले. "पाणी मी चोरलं."

वर्षानुवर्षांची इच्छा अशी फुकटात पुरी होईल, असं मीटरमामांना वाटलं नव्हतं.

"पाइप कुठाय?" त्यांनी विचारलं.

"तोही चोरीचाच होता. परत केला."

पाइपाच्या खुणा तरी बघू म्हणून सगळी सभा उठून बागेत गेली. फाटक अर्ध्यावरच अडलं, कारण पलीकडून गवत रेटत होतं. मीटरमामा आत शिरले आणि दिसेनासे झाले; नंतर नुसता आवाजच येत राहिला. बरोब्बर मधल्या झाडाखाली माणूस आडवा मावेल एवढ्या जागेतलं गवत दबलेलं होतं. तिथे खुरपं पडलं होतं, त्याच्या मुठीवरची दुकानाची चिठ्ठीही निघाली नव्हती. शेजारी एक उशी.

"आणि मी हिला पलंगाखाली शोधतेय," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाईंना मात्र हर्ष आवरेना. सासरे चोर नव्हते, नकाशा खरा होता, आणि आकाशातून बघून त्यांनी सांगितलेलं गवत मीटरमामांच्या कानात जात होतं! "गवत काढलं की वाटा कायम," मीटरमामांना आतूनच कबूल करावं लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सूनबाईंनी भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं.

घरी जाताना सासूबाईंनी विचारलं, "उपग्रह आता यांच्यावर नजर ठेवील ना गं?"

"सारखी, आई. गवत उगवू दे, लगेच कळवते."

सासऱ्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "आणि ढग असले तर?"

यंत्राच्या कौतुकात सूनबाई खरं तेच बोलून गेल्या. "मग खालचं काही दिसत नाही, बाबा."

सासऱ्यांनी गवत इमानेइतबारे काढलं, स्वच्छ ऊन होतं तोवर. हल्ली मात्र आभाळ भरून आलं रे आलं, की त्यांना बागेची फार ओढ लागते.