हेमांगीची जास्तीची खोली

सोसायटीचा ग्रुप सोडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगी दातीरच्या घरात एक खोली जास्त झाली.

मी सहा नंबरला राहते, ती सात नंबरला. आमची मधली भिंत एकच, त्यामुळे हे सगळ्यात आधी मला कळणं साहजिक होतं. तसं जिन्यावर काहीही झालं तरी ते आधी मलाच कळतं. मी मुद्दाम काही करत नाही. माझं शिलाई मशीन दाराशी आहे आणि उजेडासाठी दार उघडं ठेवावं लागतं. गेली एकोणीस वर्षं मी मिरजेत साड्यांना फॉल-पिको करून देते, तेही दारात बसून, कारण आमच्या दोन खोल्यांत मशीनला जागा नाही. एकीत आमचे हे आणि टीव्ही असतात, दुसरीत बाकी सगळं.

त्या सकाळी मी विरजण मागायला तिच्याकडे गेले. विरजण माझ्याकडे होतं. पण आदल्या दिवशी ती ग्रुपमधून बाहेर पडल्याची बारीक ओळ आली होती, आणि कुणाशी काय बिनसलं हे कुणीतरी विचारायला हवं होतं.

तिच्या हॉलमध्ये कॅलेंडर असायचं, तिथे दार होतं.

“हे काय गं?”

“खोली,” ती म्हणाली. “काल ग्रुप सोडला. सकाळी उठले तर होती.”

“केवढी आहे?”

“मोजली नाही, ताई.”

मोजली नाही! माणसाच्या घरात खोली येते आणि माणूस चहा पीत बसतं. माझ्या गळ्यात टेप होतीच. फोन घरी चार्जिंगला लावला होता, आणि मोजताना टाचण्या तोंडात धरायची माझी सवय आहे, त्यामुळे बोलणंही झालं नाही. आठ बाय दहा भरली. जमीन लाल कोब्याची होती. एक खिडकी होती आणि खिडकीबाहेर शेवग्याचं झाड. त्या बाजूला आमचं पार्किंग आहे, पार्किंगमध्ये गवांद्यांची पांढरी गाडी आहे, शेवगा नाही. मी खाली जाऊन बघून आले. बाहेरून भिंत होती तशीच होती, खिडकीसुद्धा नव्हती.

मग घरी येऊन आमची बेडरूम मोजली. एक इंच कमी झाली नव्हती. खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण आमचं काही घेतलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

हेमांगी चाळिशीला आलेली, एकटी राहणारी. पाटबंधारे खात्यात नकाशांच्या विभागात कामाला. वाईट मुलगी नाही. कधी आजारी पडले तर न सांगता डबा ठेवून जाईल, पण दारावर टकटक करणार नाही. तिचं एक मला माहीत होतं. रविवारी सगळ्या ग्रुपांवर सगळ्यांच्या वाढदिवसांना, बारशांना, फोटोंना उत्तरं देऊन झाली की ती कपाळावर ओला रुमाल ठेवून पडायची. मी खिडकीतून बघितलं होतं.

“राग आलाय का कुणाचा?” मी विचारलं होतं.

“नाही हो. माणसं चांगलीच आहेत. पण दिवसभर सगळ्यांचं वाचलं, सगळ्यांना बोलले, की माझ्यासाठी माझ्यात काही उरत नाही. म्हणून थोडं मागं सरकले.”

मागं सरकली आणि खोली मिळाली. पुढे ती आणखी सरकत गेली. चुलत भावंडांचा ग्रुप सोडला तेव्हा खोलीत दोन फूट वाढले. ऑफिसच्या सहलीचा सोडला तेव्हा भिंतीत फडताळ आलं. फेसबुक बंद केलं त्या आठवड्यात खोली दहा बाय बारा झाली आणि आत वारा यायला लागला. आमच्याकडे पंखा पाचवर असायचा आणि तिच्या दाराच्या फटीतून गार झुळूक जिन्यात यायची. मला हेवा वाटला असं मी म्हणणार नाही. फक्त चार दिवस जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी मी यांना म्हटलं, “मीपण ग्रुप सोडते.”

“तू?” हे टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले. “मग जिन्यातल्या बातम्या कोण देणार? आकाशवाणी?”

मी लक्ष दिलं नाही. माझे नऊ ग्रुप आहेत. माहेरचा, सासरचा, भिशीचा, शाळेच्या वर्गाचा, आणखी असेच. पण असं न सांगता उठून जाणं आपल्यात बसत नाही. जेवणाच्या पंगतीतूनसुद्धा आपण विचारून उठतो. म्हणून मी प्रत्येक ग्रुपवर नीट लिहिलं: ‘मी काही दिवस शांततेसाठी ग्रुप सोडत आहे. कुणीही गैरसमज करून घेऊ नये. काही चुकलं असल्यास मोठ्या मनाने माफ करावे.’ खाली हात जोडलेले.

लगेच उत्तरं यायला लागली. काय झालं, कोण बोललं, तब्येत बरी आहे ना. वन्संनी तर फोनच केला. उत्तर न देता कसं जायचं, म्हणून मी एकेकाला उत्तर देत बसले. तळमजल्यावरच्या कुंभोजकर वहिनींनी रडणारी तीन तोंडं टाकली होती, त्यांना मी चार टाकली. सगळं उरकायला संध्याकाळ झाली. मग डोळे मिटून एकामागून एक नऊही ग्रुप सोडले.

सकाळी माझ्या मशीनमागच्या भिंतीला दार आलं होतं.

चांगलं सागवानी, पितळी कडी असलेलं. मी देवाला नमस्कार करून कडी काढली. आत भिंत होती. नुसती भिंत, दारामागे दोन बोटांवर. हात लावून बघितलं, गिलावा ओला होता.

“दार तर मस्त आहे,” हे म्हणाले. “टॉवेल अडकवायला होईल.”

दुपारपर्यंत मी सगळ्या ग्रुपांवर परत गेले. दार तसंच राहिलं.

त्यानंतर जे झालं त्याला मी तक्रार म्हणणार नाही. सेक्रेटरी गवांदे काकांच्या मिसेसच्या साडीला फॉल लावत होते, तेव्हा एवढंच म्हटलं, की मंजूर नकाशात नसलेली खोली घरात ठेवली तर चालते का हो. तिसऱ्या दिवशी गवांदे काका रजिस्टर घेऊन वर आले. कमिटीचे पाच जण बरोबर, आणि फोटो काढायला कुंभोजकर वहिनी.

“दातीर मॅडम,” गवांदे काका म्हणाले, “आपल्याकडे एक खोली असल्याचं समजलं आहे. पाहणी करावी लागेल.”

“या ना,” हेमांगी म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

गवांदे काका बोलत बोलत आत गेले तशी खोली एक फूट आत आली. त्यांच्या मागून दोघे गेले, दोघांचे फोन वाजत होते, अजून दोन फूट गेले. वहिनी फोटो ग्रुपवर टाकत आत शिरल्या आणि प्रत्येक फोटोला सगळ्यांच्या खिशात टिंग वाजायला लागलं. एकेका टिंगला भिंत हातभर पुढे यायची. शेवटचा माणूस आत जाईपर्यंत सातही जण डब्यातल्या चकल्यांसारखे एकमेकांत अडकले होते. वहिनींचा हात वरच राहिला होता, फोटोच्या पवित्र्यात.

“वहिनी, कोपर काढा, नाकात जातंय!”

“काढू कुठे? जागा आहे का?”

“शांत रहा,” आतून गवांदे काकांचा आवाज आला. “लिहून घ्या. तोंडी माहिती, दहा बाय बारा. प्रत्यक्षात, अडीच बाय तीन.”

“काका, लिहायला हात निघत नाही.”

एकेकाला ओढून बाहेर काढावं लागलं. मग सभा नेहमीसारखी जिन्यात झाली, कारण आमच्या सोसायटीला सभेला जागा नाही. गणपतीची आरासही जिन्याखालीच भिजते. म्हणून असं ठरलं, की एकाच माणसाने आत जाऊन नीट माप घ्यावं. खोली खरोखरच दहा बाय बारा निघाली तर ती सोसायटीच्या ताब्यात घ्यावी. आरास, सतरंज्या आणि मासिक सभा, तिन्हींची सोय होईल.

“माप कोण घेणार?”

सगळ्यांनी माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघितलं.

सगळे खाली गेल्यावर मी हेमांगीला विचारलं, “खोली गेली तर काय करशील?”

“पहिल्यासारखं,” ती म्हणाली. “सगळ्यांना उत्तरं देईन.”

“आणि रुमाल?”

तिने माझ्याकडे जरा बघितलं. रुमालाचं मला कसं माहीत, असं तिने विचारलं नाही. “तुम्ही जे असेल ते लिहा, मालनताई,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी गेले. फोन बाहेर चपलेत ठेवला. टाचण्या तोंडात धरल्या, या वेळी सात-आठ जास्तच. हेमांगी खोलीत चटईवर बसून शेंगा सोलत होती. मी टेप लावली. दहा बाय बारा, वर बोटभर. सगळ्या बाजूंनी दोनदा मोजली.

काम झालं होतं. पण पाय दुखत होते म्हणून मी चटईवर टेकले. माझ्या पोटात तिला विचारायचे निदान अकरा प्रश्न होते. जयसिंगपूरच्या स्थळाचं काय झालं, भाऊ हल्ली का येत नाही, ऑफिसातून सोडायला येतात ते कोण, असे साधेच. तोंडात टाचण्या असल्यामुळे एकही विचारता येईना. थोड्या वेळाने ते प्रश्नही माझ्यासारखेच पाय पसरून बसले. मी चार शेंगा सोलल्या. तिने ताटली माझ्याकडे सरकवली. वारा येत होता. शेवग्यावर एक पक्षी येऊन बसला, त्याचं नावही मला माहीत नव्हतं, आणि ते कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. एकोणीस वर्षांत मी पाठीला भिंत लावून अशी कधी बसले नव्हते. दारात बसणाऱ्याच्या पाठीला भिंत नसते.

बाहेर आले तेव्हा पाच वाजले होते. चपलेत सत्त्याऐंशी मेसेज होते.

गवांदे काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर रजिस्टर उघडून बसले होते. वहिनी मागे उभ्या.

“बोला, मालनताई. किती?”

आता खरं सांगते. हेमांगीकडे ती खोली असलेली मला सहन होत नव्हती. ती तिथे गार वाऱ्यात बसते आणि मी दारात घामाने भिजते, हे रोज मनात कुरतडत होतं. पण मी पुढचं बघत होते. माझ्या त्या भिंतीला कुंभोजकर वहिनी पाठ टेकून बसणार, मासिक सभेला, वेफर्स खात. ते त्याहून सहन होईना.

“खोली आढळली नाही,” मी म्हटलं.

गवांदे काकांनी चष्मा काढला. “अहो, पण आम्ही सात जण आत अडकलो होतो.”

“ते फडताळ आहे.”

त्यांनी बराच विचार केला. सात माणसं फडताळात शिरली असं लिहिणं त्यांना जड जात होतं. पण अडीच बाय तीनचं माप त्यांचंच होतं, त्यांच्याच अक्षरातलं. शेवटी त्यांनी लिहिलं: ‘पाहणीअंती फडताळ. आक्षेप नाही.’ मी सही केली.

“खरंच फडताळच का गं?” वहिनींनी जिन्यात मला गाठून विचारलं. संध्याकाळी कोथिंबिरीच्या निमित्ताने परत विचारलं. तिसऱ्यांदा ग्रुपवर विचारलं, सगळ्यांदेखत. तिन्ही वेळा मी फडताळच म्हटलं. शेवग्याचं जिभेवर आलं होतं, ते गिळलं. मला माहीत आहे आणि जिन्याला माहीत नाही, असं काही माझ्याकडे पहिल्यांदाच होतं. ते घेऊन झोपायला जड गेलं.

सकाळी टॉवेल काढताना दार आपोआप उघडलं. भिंत मागे गेली होती.

फार नाही. एक पाट मावेल एवढी जागा. पण कोबा लालच आहे आणि वरच्या बाजूला बोटभर फट आहे, तिच्यातून उजेड येतो. शेवगा दिसत नाही, तो तिच्याच बाजूला आहे. मी पाट ठेवला, त्यावर बसले आणि दार लावून घेतलं. गुडघे दाराला टेकतात. पाठ मात्र भिंतीला लागते.

ही जागा कशी वाढवायची, ते हेमांगीला विचारायचं रोज मनात येतं. विचारलं तर ती कमी होईल, म्हणून विचारत नाही. परवा यांनी विचारलं, “त्या दारामागे काय करतेस गं तासतासभर?” मी टाचण्या तोंडात धरल्या आणि मान हलवली. दुपारी मोजलं तर चार बोटं वाढली होती.

आता हे सगळं लिहून बसले आहे, याचे किती इंच जातील ते उद्या टेप लावल्यावर कळेल. पाटापुरती राहिली तरी पुरे. हेमांगीचं बरं आहे, ती लिहीतसुद्धा नाही. कालपर्यंत तिची बारा बाय चौदा झाली होती.