कंटेनरच्या मागे नायगारा

अनोळखी मुलखात रस्ता कळेना, तर कोणाला विचारत बसायचं नाही, कंटेनरच्या मागे जायचं. हा काळूरामच्या घरातला नियम होता आणि त्याला 'का' म्हणून विचारायची सोय नव्हती. मृणालीने सातवीत असताना एकदा विचारलं होतं. तेव्हा अण्णांनी (काळूराम फक्त आधार कार्डावर, घरात आणि गावात ते अण्णाच) जेवता जेवता हात थांबवून सांगितलं, "एकतीस वर्सं उरणच्या बंदरातून कंटेनर काढलाय मी. कंटेनरवाला कवा चुकत न्हाय." आणि आईने, म्हणजे सखुबाईने, मृणालीच्या ताटात आणखी भात वाढून विषय बंद केला होता.

पुढे मृणाली शिकली, कॅनडाला गेली, तिथेच नोकरीला लागली. नोकरी काय, तर कुठल्या ट्रकने कुठल्या रस्त्याने जायचं ते ठरवायचं. टोरांटोच्या आसपासचे दीडशे ट्रकवाले रोज सकाळी तिने आखून दिलेल्या रस्त्याने निघत. हे तिने फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "तुला इचारून जातान? मंग नवशिके असतील."

तीन आठवड्यांपूर्वी दोघं लेकीकडे आली. विमानतळाच्या पार्किंगमध्येच अण्णांनी चावी मागितली.

"अण्णा, माझ्याकडे इथलं लायसन आहे."

"माझ्याकडं एकोणनव्वद सालचं हाय. मी गाडीत असताना पोरगी गाडी चालवतेय, हे गावात कळलं म्हंजे?"

"गावात कोण सांगणार?"

"तुझी आई."

(हे मात्र खरं होतं. सखुबाई दिवसातून तीनदा जाऊबाईंना, कोकिळाकाकूंना, व्हिडिओ कॉल लावायची.)

तेव्हापासून मृणाली क्लीनर झाली. इकडे स्टेअरिंग डावीकडे असतं, म्हणून क्लीनर उजवीकडे. तेवढं सोडलं तर कामात फरक नव्हता. "मागं बघ, हाय का कोन? काच पूस. पानी दे." एम.बी.ए. झालेली पोरगी तीन आठवडे उजव्या सीटवर बसून काच पुसत होती.

उद्या दुपारचं परतीचं विमान होतं आणि सखुबाईचा नायगारा राहिला होता. उरणच्या घरी, ओट्याच्या वर, टायरच्या दुकानाने दिलेलं एक कॅलेंडर आहे. वर्ष संपून अकरा वर्षं झाली, तरी सखुबाईने ते उतरवू दिलेलं नाही, कारण त्यावर नायगाऱ्याचं चित्र आहे. अकरा वर्षं त्या पाण्याकडे बघत तिने भाकऱ्या थापल्या. तीन आठवड्यांत मुलीकडे तिने फक्त तेवढंच मागितलं होतं. आणि आज नाही, तर मग कधीच नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

सकाळी नऊला निघायचं ठरलं आणि साडेअकराला निघाले. सखुबाईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी डब्यात घेतली होती. कोकिळाकाकूंना कॉल झाला होता. हायवेला लागल्यावर तासभर सगळं सुरळीत चाललं. मग एक फाटा आला. फोन म्हणाला, फाटा सोडा. नेमका त्याच वेळी पुढच्या निळ्या कंटेनरने फाटा घेतला.

"अण्णा, सरळ."

अण्णा कंटेनरच्या मागे वळले.

"अण्णा, हा कंटेनर अमेरिकेला चाललाय."

"तुला कसा ठाव? तू त्याला इचारलंस?"

"पाटीवर लिहिलंय. पुढे अमेरिकेचा पूल आहे."

"पाटी कोन पन लिवतो."

"मी रोज ट्रक पाठवते अण्णा या रस्त्याने."

"मंग बरोबर हाय," अण्णा खूश होऊन म्हणाले. "तूच पाठवलास आन तूच त्याच्यावर भरवसा ठेवीत न्हाय."

मृणालीने फोनचा आवाज वाढवला. वळायला दोन जागा आल्या, त्या अण्णांनी शांतपणे मागे टाकल्या, आणि गाडी पुलावर चढली. खाली खोल दरीत हिरवीगार नदी वाहत होती. सखुबाईने काचेला नाक लावलं.

"ह्योच काय गो?"

"नाही आई. ही नुसती नदी."

"तरीच. पानी पडत न्हाय कुठं."

पुलाच्या दुसऱ्या टोकाला खिडकीत अमेरिका बसली होती. निळा कंटेनर ट्रकच्या रांगेत निघून गेला. अधिकाऱ्याने तिघांचे पासपोर्ट घेतले आणि विचारलं, कुठे निघालात?

"नायगारा," अण्णा म्हणाले.

नायगारा मागे राहिला, तो म्हणाला. मग इथे कसे?

मृणालीने तोंड उघडायच्या आत अण्णांनी पुढे बोट दाखवलं. "फॉलोइंग कंटेनर, सर."

अधिकाऱ्याने चष्मा काढला. अनोळखी ट्रकचा पाठलाग करत, व्हिसाशिवाय, कोणी अमेरिकेत आलंय, असं त्याच्या नोकरीत बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. गाडी बाजूला घ्यायला सांगितली. कुत्रा आणला. कुत्र्याने गाडीभोवती अर्धी फेरी मारली, सुकटीच्या डब्यासमोर बसला आणि उठेना.

"भुकेजलाय बिचारा," सखुबाई डबा उघडू लागली.

"आई, डब्याला हात लावू नकोस."

"अर्धीच भाकरी देतंय."

"आई."

डबा आत गेला तो परत आला नाही. बोटांचे ठसे झाले, फोटो झाले, एकच प्रश्न चार जणांनी चार वेळा विचारला आणि अण्णांनी चारही वेळा कंटेनरचा रंग सांगितला. साडेतीन तासांनी हातात एक कागद देऊन तिघांना परत पाठवलं. पुलाच्या अलीकडे कॅनडाच्या बाईने विचारलं, अमेरिकेत कशासाठी गेला होतात? मृणालीने समोर बघत सांगितलं, "जेवणाचा डबा द्यायला."

पाच वाजत आले होते. ऑक्टोबरचा दिवस, उन्हं कलली होती. पुढच्या पेट्रोल पंपावर अण्णा पाय मोकळे करायला उतरले. सखुबाई मागेच बसून होती. तिने एकदा आकाशाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "उशीर झाला आसंल तर ऱ्हाऊं दे गो. चित्रात बघलाय की मी."

मृणालीने हात लांब करून चावी काढून घेतली आणि खाली उतरली.

अण्णा उत्साहात परत आले. "तो बघ, लाल कंटेनर निघतोय. ह्यो बरोबर घेऊन जाईल. चावी दे."

"नाही."

"काय न्हाय?"

"चावी नाही देणार. तुमचा कंटेनर चुकत नाही अण्णा, मान्य. पण त्याला माल पोचवायचा असतो. त्याला आईला धबधबा दाखवायचा नसतो. एकतीस वर्षं तुम्ही गाडी चालवलीत, आणि आई अकरा वर्षं कॅलेंडर बघतेय. आता मी चालवणार. तुम्ही मागे बसा. आणि आजपासून मी क्लीनर नाही."

एवढं लांबलचक ती त्यांच्यापुढे आयुष्यात पहिल्यांदाच बोलली होती. सखुबाई, भात वाढायला जवळ नसल्यामुळे, नुसतीच बघत राहिली. अण्णांनी एकदा लाल कंटेनरकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि मुकाट्याने मागचं दार उघडून तिच्या शेजारी जाऊन बसले.

मृणाली ताठ मानेने गाडीला वळसा घालून गेली. दार उघडलं, ऐटीत बसली, दार धाडकन लावलं, पट्टा ओढला, आणि चावी लावायला हात पुढे केला.

पुढे सामानाचा कप्पा होता. तीन आठवड्यांच्या सवयीने ती क्लीनरच्या सीटवर बसली होती.

ती उतरली, परत वळसा घातला, डावीकडे येऊन बसली. पुढची वीस मिनिटं, झाडांच्या वर पांढरे तुषार दिसून सखुबाईच्या तोंडून "अगो बया" निघेपर्यंत, गाडीत एक शब्द नव्हता. मध्ये एकदाच मृणालीने आरशात पाहिलं. आईने हसू दाबायला शालीचं टोक तोंडात कोंबलं होतं, आणि दुसरं टोक अण्णांच्या तोंडात होतं.