अम्मींची चक्कर

जहांगीरभाईंची लाल स्पोर्ट्स कार तयार झाली तेव्हा गिऱ्हाईक यायला आठवडा होता. गाडीचं वाटोळं करायला तेवढा पुरला.

सेनगावातल्या त्यांच्या घरच्या कारखान्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनत. नेम एकच: घरातल्या थोरल्या बाईला चक्कर मारून आणल्याशिवाय गिऱ्हाइकाला माल द्यायचा नाही. जहांगीरभाईंच्या अम्मी खतीजाबी तर ट्रॉलीतही खुर्ची टाकून फिरून आल्या होत्या. हा नेम घातला मरहूम अब्बांनी. त्यांनीही तरुणपणी एक स्पोर्ट्स कार बनवली होती म्हणे, पण तिचं पुढं काय झालं हे जहांगीरभाईंना कुणी सांगितलं नव्हतं. अब्बांचं स्वप्न आपण पुरं करायचं, या एका ध्यासानं ते वर्षभर झटले होते.

खतीजाबी गाडीपाशी वाकल्या. आणखी वाकल्या.

"बेटा, यात बसायचं हाय का झोपायचं?"

"अम्मी, स्पोर्ट्स कार अशीच राहते. जमिनीलगत."

"माझे गुडघे न्हाई ना राहत. म्हाताऱ्या मायला तकलीफ काहून देऊन राहिला?"

आता आईपुढं कोण बोलणार? सीट वर घेतली. मग डोकं छताला लागलं, म्हणून छत वर गेलं. शेवटी स्वारी निघाली आणि बाजारातल्या गतिरोधकावर गाडी पोट टेकून बसली. चहा अर्धवट टाकून लोक ढकलायला आले. ढकललं थोडं, सल्ले भरपूर दिले. जीपवाला धर्मसिंग म्हणाला, "जीपचे पाटे टाका, भाई."

चाकांवर जीपच्या स्प्रिंगचे पाटे टाकले. गाडी उंच झाली, म्हणून चढायला पायरी आली. चक्कर पुरी व्हायच्या आत रूपाबाई भेटल्या. दोघी मैत्रिणींना समोरासमोर बोलता यावं म्हणून मागं बाक आले, आणि रूपाबाईंच्या गाठोड्यासाठी टपावर कॅरिअर.

"आता कसं बराबर झालं!" खतीजाबी म्हणाल्या.

ठरल्या दिवशी गिऱ्हाईक, नांदेडचा विश्वजीत, हिंगोलीहून धर्मसिंगच्याच जीपनं उतरला.

"भाई, गाडी कुठंय?"

"ही काय."

विश्वजीतनं गाडीभोवती फेरी मारली. तेवढ्यात एक प्रवासी पिशवी घेऊन आत चढला आणि म्हणाला, "हिंगोलीला कव्हा सुटती?"

"मी स्पोर्ट्स कार सांगितली होती. ही तर जीप हाय!" विश्वजीत म्हणाला.

"लाल हाय ना पण," जहांगीरभाई म्हणाले. त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

"ही न्हाई जमत." विश्वजीत धर्मसिंगकडं वळला. "तुमची जीप देता का? एवढी माणसं भरून एसटीला मागं टाकलं राव तिनं! असं इंजिन म्या पाह्यलं न्हाई."

लाल गाडीतल्या बाकावरून खतीजाबी बोलल्या, "पळंल न्हाई तर काय? याच्या अब्बांची स्पोर्ट्स कार हाय ती. माझ्या सासूनं चक्कर मारली, तवापासून हिंगोलीला जाऊन राहिली."

जहांगीरभाई त्या जुन्या जीपकडं बघतच राहिले. मग हसू लागले. अब्बांचं स्वप्न रोज टपापर्यंत भरून धावत होतं.

"इकायची न्हाई," धर्मसिंग म्हणाला. "आन् हिंगोलीला परत जायला आज ती भरली. तुमी या लाल गाडीत बसा."

विश्वजीत पायरी चढला. पायरी मात्र त्याला फार सोयीची वाटली.