पावती, उपमा आणि केसातली पिन

मनस्विनीनं बी.एस्सी. नर्सिंग प्रथम श्रेणीत पास केलं होतं आणि लातूरच्या एका खासगी दवाखान्यातल्या तिच्या सहा महिन्यांच्या उमेदवारीचा आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी मेट्रन तुळजाबाई तिच्या कामाचा शेरा लिहिणार आणि त्यावर नोकरी ठरणार. म्हणून सकाळपासून पोरीनं एकही नियम मोडला नव्हता. घोटाळा तिथंच झाला.

उदगीरचे कुलपांचे दुकानदार मडिवाळप्पा यांना एक्स-रेला नेताना तिनं त्यांच्या गळ्यातली चांदीची डबी मागितली.

"त्यात माझं इष्टलिंग हाय, पोरी. कधी गळ्यातनं उतरवलं न्हाई. तुझ्या भरवशावर देतो."

"लगेच परत देते, आजोबा."

पण रुग्णाची मौल्यवान वस्तू वॉर्डातल्या कपाटात ठेवून पावती द्यावी, असा नियम. तिनं सुवाच्य अक्षरात पावती दिली. तुळजाबाईंनी कपाटाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला बैठकीला गेल्या. फोन तेवढा टेबलावर विसरल्या.

एक्स-रे झाला. मनस्विनीनं साखर तपासली, इन्सुलिन टोचलं आणि गरम उपमा पुढं ठेवला. आजोबांनी ताटली सरकवली.

"पूजा झाल्याबिगर अन्न घेत न्हाई म्या."

"मग करा की पूजा."

"कशाची? पावतीची?"

मनस्विनीनं घड्याळाकडं बघितलं. इन्सुलिन अंगात गेलेलं, म्हणजे साखर उतरणार. तिनं डॉक्टरांना फोन लावला. "दहा मिनिटांत पोचतो. तोवर काहीतरी खाऊ घाला!"

"आजोबा, चमचाभर साखर तरी?"

"न्हाई." त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता.

ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना उचलून ती कपाटावर धावली. आजोबा उठून बसले.

"थांब! माझ्याच दुकानातलं कुलूप हाय त्ये. पान्यानं तुटायचं न्हाई. केसातली पिन काढ. आत घाल. वर उचल. अगं, इंजेक्शन देती तसं हळू! आता डावीकडं."

कुलूप उघडलं.

"चाळीस वर्षं लई मजबूत म्हणून विकलं," आजोबा पुटपुटले. "कुणाला सांगू नगस."

पूजा दोन मिनिटांचीच होती, पण तिला ती फार लांब वाटली. मग आजोबांनी उपमा संपवला आणि डॉक्टर येईपर्यंत साखर ताळ्यावर आली. मनस्विनी मात्र स्टुलावर मटकन बसली. आजोबांनी उशाचं केळं तिच्या हातात ठेवलं.

"खा. सकाळधरनं तुझ्या पोटात काय गेलेलं दिसलं न्हाई मला."

तिला रडू आलं. रडतरडतच तिनं केळं खाल्लं.

संध्याकाळी तुळजाबाई उघडं कपाट बघून थबकल्या.

"कुणी उघडलं?"

"मी," मनस्विनी म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

तुळजाबाईंनी शेऱ्याचा कागद काढला. खाटेवरून आवाज आला, "म्या सांगतो, लिहा. कामात पैकीच्या पैकी. सोताच्या खाण्यापिण्यात नापास. तेवढं सुधारायला हिला हितंच ठेवून घ्या."

"आणि कुलूप उघडण्यात?"

"त्ये लिहू नका," आजोबा घाईनं म्हणाले. "दुकान चालू हाय माझं."

तुळजाबाईंनी काय लिहिलं ते कुणाला दिसलं नाही. त्यांनी कमरेची किल्ली काढून मनस्विनीच्या हातात दिली.

"उद्यापासून ही तुझ्याकडं. आणि येताना डबा आण."